सिस्टीम घेत नाही

बँकेच्या नोकरीत मी ३७ वर्षे काढली. या काळात तुम्ही सर्वांत जास्त वेळा उच्चारलेले वाक्य कोणते, असे कोणी विचारले तर पहिल्या निम्म्या वर्षांत ‘उद्या या’ आणि नंतरच्या निम्म्या वर्षांत ‘सिस्टीम घेत नाही’, असे उत्तर द्यावे लागेल. पहिले वाक्य बोलताना थोडी तरी लाज वाटत असे. आज काम न करणारा मी असे आणि समोरच्यालाही ते ठाऊक असे. तो चिडायचा, साहेबांकडे जायचा, कधी कधी काम करूनही घ्यायचा. दुसऱ्या वाक्यात मात्र मी कुठेच नसे. न घेणारी ती सिस्टीम, मी फक्त तिचा निरोप सांगणारा. समोरचा माणूस निमूटपणे पिशवी काखेत मारून निघून जायचा. आभाळाशी कोण भांडणार?

या पावसाळ्यात, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, मी स्वतः एक छोटी सिस्टीम तयार करून चालवली. ती कुणाकुणाला घेत नाही आणि का घेत नाही, हे पाहिल्यापासून ते जुने वाक्य घशात अडकले आहे.

आमच्या तालुक्याच्या गावातले वाचनालय जुने आहे. पुस्तके सात-आठ हजार, सभासद तीनशेच्या आसपास, आणि देवघेवीची वही एकच. ती वही गेल्या वर्षी भिजली. निवृत्त बँकवाला आणि वर लेखक म्हणून मी कार्यकारिणीवर आहेच. तेव्हा ‘हे सगळं कॉम्प्युटरवर घ्या’ हे काम माझ्या गळ्यात पडले. तयार सॉफ्टवेअर विकत घ्यायला पैसे नव्हते. पुण्याला आय.टी.त असलेल्या आमच्या सूनबाईंना फोन केला. मला वाटले, ती दोन रविवारांत करून देईल. ती म्हणाली, “बाबा, मी दिलं करून तर उद्या एक रकाना बदलायलाही तुम्ही मलाच फोन कराल. तुम्हीच करा. जँगो घ्या. अडलं की विचारा.”

जँगो हे काय प्रकरण आहे हे आधी सांगितले पाहिजे, कारण या पानाशी त्याचे नाते आहे. अमेरिकेत कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे गाव आहे. तिथल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या दैनिकात एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन हे दोन तरुण प्रोग्रॅमर २००३ साली वर्तमानपत्राची संकेतस्थळे बांधण्याचे काम करत होते. वर्तमानपत्रात काम म्हणजे आज सकाळी सांगितलेले संध्याकाळी हवे. प्रत्येक वेळी पायापासून घर बांधणे परवडेना, म्हणून वारंवार लागणाऱ्या गोष्टी त्यांनी एकदाच नीट करून बाजूला ठेवायला सुरुवात केली. त्या साठवणीतून हा सांगाडा उभा राहिला आणि जुलै २००५मध्ये त्यांनी तो जगाला फुकट देऊन टाकला. नाव ठेवले गिटारवादक जँगो राइनहार्टचे. १९२८ सालच्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे कायमची दुखावली होती. उरलेल्या दोन बोटांवर तो एकल वादन करायचा. इंग्रजीत नावाच्या आधी एक ‘डी’ आहे, तो मुका.

असल्या सांगाड्याला फ्रेमवर्क म्हणतात. बँकवाल्याला ते चटकन कळते. नवी शाखा उघडायची ठरली की मुख्य कार्यालयातून तिजोरी येते, शिक्के येतात, छापील व्हाउचरे, खतावण्या, टोकने, नियमांचे पुस्तक, सगळे येते. ते तुम्ही बनवायचे नसते. तुम्ही फक्त ठरवायचे की या गावात खाती कुणाची उघडणार आणि त्यांची काय काय माहिती लिहून घेणार. जँगोही तेच करते. दार, कुलूप, पाहुण्याची ओळख पटवणे, चुकीची नोंद परत पाठवणे, हे सगळे तयार मिळते. रकाने मात्र तुमचे.

उभारणीचे पुराण फार लांबवत नाही. पायथन ही भाषा संगणकावर घ्यायची. या कामासाठी तिची वेगळी चूल मांडायची, म्हणजे दुसऱ्या कामाची भांडी यात मिसळत नाहीत. त्या चुलीवर जँगो आणायचे. एक आज्ञा दिली की फोल्डर आणि पाच-सहा फायली आपोआप तयार होतात. मग ‘पायथन मॅनेज डॉट पीवाय रनसर्व्हर’ असे टंकायचे. तांबड्या अक्षरांत सूचना आली की १८ मायग्रेशने लागू करायची राहिली आहेत. पोटात गोळा आला. सूनबाई म्हणाली, “काही नाही बाबा, खतावण्यांची पानं अजून आखलेली नाहीत एवढंच. मायग्रेट म्हणा.” म्हटले. मग ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:८००० हा पत्ता घातला. पडद्यावर रॉकेट आणि खाली अभिनंदन!

मी टाळीच वाजवली. सौ. स्वयंपाकघरातून आली. तिने रॉकेटकडे पाहिले आणि विचारले, “यात आपलं काय आहे?”

प्रश्न बरोबर होता. त्यात आमचे काहीच नव्हते. तो पत्तासुद्धा जगातला नव्हता, १२७.०.०.१ म्हणजे हाच संगणक, स्वतःच स्वतःला लिहिलेले पत्र. ते रॉकेट जगभर पहिल्यांदा हे करणाऱ्या प्रत्येकाला दिसते. ‘चालले’ याचा अर्थ एवढाच, की दुसऱ्यांनी केलेले दुसऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे चालले. बँकेत आमचेही असेच झाले होते. शाखेत लेजर पोस्टिंगचे यंत्र आले त्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले, पडद्यावर हिरवी अक्षरे उमटली आणि आम्ही सगळे म्हणालो, चालले.

आता रकाने. सभासद, पुस्तक आणि देवघेव असे तीन तक्ते मी लिहायला घेतले. इथे मला कादंबरीकार म्हणून थोडा अहंकार होता. माणसाचे वर्णन करणे हा तर आपला धंदा. पहिल्याच ओळीला आपटलो. नावाची लांबी जास्तीत जास्त २० असे लिहिताना कळफलक मराठीत होता. पायथनला आत ‘आडनाव’ हा शब्द देवनागरीत लिहिलेला चालतो, पण देवनागरीतला २० चालत नाही. तो आकडा इंग्रजीच हवा. ते दुरुस्त केले. मग कळले की २० ही संख्या मी कुठून आणली हे मलाच सांगता येत नाही. बरी वाटली म्हणून लिहिली. आपण ज्योत्स्ना म्हणतो तेव्हा तोंडात दोन अक्षरे असतात. यंत्र जोडाक्षरातला प्रत्येक पाय, प्रत्येक काना आणि मात्रा वेगळी मोजते. त्याच्या लेखी ज्योत्स्ना म्हणजे दहा. समजा, ज्योत्स्ना लक्ष्मीकांत असे नाव आले तर मधली मोकळी जागा धरून २२ होतात. फॉर्म म्हणतो, २०पेक्षा जास्त चालणार नाही. कोण म्हणते? मी म्हणतो. रविवारी सकाळी चहा पिता पिता म्हणालो होतो.

यादी पहिल्यांदा उघडली तेव्हा ‘सभासद’ या शब्दाला इंग्रजी अनेकवचनाचा ‘एस’ चिकटला होता आणि त्याखाली माणसांच्या नावांऐवजी ‘सभासद ऑब्जेक्ट १’, ‘सभासद ऑब्जेक्ट २’ अशी ओळ होती. या माणसाला हाक कशी मारायची हे तुम्ही लिहून दिल्याशिवाय त्याला नाव नसते. घड्याळाचेही तसेच. सकाळी आठला दिलेले पुस्तक पहाटे अडीचला दिल्याची नोंद झाली, कारण मी काही सांगितले नव्हते आणि न सांगणाऱ्याला जँगो जागतिक प्रमाणवेळ देते. भारताची वेळ हवी तर ‘एशिया, कोलकाता’ असे लिहावे लागते. लिहिले.

पण एका चुकीने मला रात्रभर झोप लागली नाही. देवघेवीची प्रत्येक नोंद एका सभासदाशी बांधलेली असते. ती बांधताना जँगो सक्तीने विचारते, उद्या हा सभासद काढून टाकला तर या नोंदीचे काय करू? जँगोबरोबर येणाऱ्या पहिल्या धड्यात तिथे ‘कॅस्केड’ असे उत्तर दिलेले आहे. मीही तेच उतरवून काढले. कॅस्केड म्हणजे धबधबा, एवढे इंग्रजी मला येते. पण पाणी कुठे पडणार याचा विचार केला नाही. एक सभासद गाव सोडून गेले, त्यांचे नाव काढले. त्यांच्या सगळ्या नोंदी त्यांच्यामागे वाहून गेल्या. त्यांच्याकडे राहिलेली तीन पुस्तके आता ना कपाटात, ना यादीत. जणू ती कधी कुणी नेलीच नाहीत.

बँकेत खोडरबर नव्हते. चुकीची नोंद लाल शाईने उलटी फिरवायची, पण मूळ नोंद दिसत राहिली पाहिजे. सप्टेंबर-मार्चच्या क्लोजिंगला एका रुपयाच्या फरकासाठी आम्ही रात्री अकरापर्यंत बसलो आहोत, आणि तो रुपया सापडायचा, कारण कुणी काही पुसलेले नसायचे. तसा मी एका शब्दाने तीन पुस्तके पुसून बसलो. धडा लिहिणाऱ्याचा दोष नाही. त्याचे उदाहरण मतदानातल्या प्रश्नाचे आणि त्याच्या पर्यायांचे आहे. प्रश्नच गेला तर पर्याय ठेवून करायचे काय? पण माझ्याकडे माणसे होती. सकाळी तिथे ‘प्रोटेक्ट’ लिहिले. आता नोंदी शिल्लक असलेला सभासद काढू गेलो तर ते काढू देत नाही. हीसुद्धा ‘सिस्टीम घेत नाही’चीच जात, पण इथे का घेत नाही ते मी कुणालाही सांगू शकतो.

आणि मग मावशी आल्या.

मावशी भाजी विकतात आणि दुपारी दोन ते चार वाचनालयात बसून वाचतात. इतकी वर्षे बसूनच वाचत. आता घरी पुस्तक न्यायचे म्हणून सभासद व्हायचे होते. मी मोठ्या उत्साहाने नवा फॉर्म उघडला. त्यांनी नाव सांगितले. मी म्हटले, आडनाव? त्या म्हणाल्या, “एवढंच नाव.” मी आडनाव कोरे ठेवून सेव्हवर टिचकी मारली. फॉर्म परत आला: हा रकाना आवश्यक आहे.

आणि माझ्या तोंडून ते वाक्य सवयीने निघून गेले. “मावशी, सिस्टीम घेत नाही.”

त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि उठल्या.

मी १९९४मध्ये पोचलो. तेव्हा ज्या शाखेत होतो तिथे अशीच एक बाई खाते उघडायला आली होती. अंगणवाडीत मदतनीस होती. नाव एकच सांगितले. यंत्राला आडनाव हवे होते. मी म्हटले, आडनावाशिवाय मशीन घेत नाही. ती म्हणाली, “मग तुमचंच लिवा.” सगळे काऊंटर हसले, मीही हसलो. शेवटी रेशनकार्डावर नवऱ्याचे आडनाव होते ते घातले. ती एकदाच म्हणाली, “त्येचं नको.” मी ऐकले. नवऱ्याने टाकलेली होती की हिने त्याला, ते विचारले नाही. मागे रांग होती. अंगठा घेतला. पुढची तीन वर्षे मी त्या शाखेत होतो आणि दर महिन्याला त्या आडनावाने तिला मीच पुकारले.

मावशींना थांबवले आणि सूनबाईला फोन लावला. विचारले, “अगं, मी आडनाव सक्तीचं कुठे केलंय? मी तर काहीच लिहिलं नाही.”

“म्हणूनच,” ती म्हणाली. “काही लिहिलं नाही तर ते सक्तीचंच धरतात. कोरं चालेल असं तुम्ही सांगायला हवं.”

म्हणजे मावशींना नको म्हणण्याचा निर्णय मी घेतलाच नव्हता. कुणीच घेतला नव्हता. मी गप्प राहिलो आणि माझ्या गप्प राहण्याची सक्ती झाली. १९९४मध्येही बहुधा असेच कुणीतरी, कुठल्या तरी शहरातल्या वातानुकूलित खोलीत, काहीच न लिहिता पुढे गेले असेल. त्या माणसाला त्या बाईविषयी राग नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर ती नव्हतीच.

बँकांच्या संगणकीकरणावर सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालच्या समित्यांचे अहवाल १९८४ आणि १९८९मध्ये आले, तेव्हा आम्ही कर्मचारी रस्त्यावर उतरलो होतो. यंत्रे किती येणार, कुठे बसणार, कुणाची नोकरी जाणार, यावर भांडलो. ते भांडण खोटे नव्हते; घरे चालवायची होती. पण त्या साऱ्या सभांमध्ये, टाळ्या वाजवणाऱ्या मला तरी, कुणी असे विचारल्याचे आठवत नाही की त्या यंत्रातले रकाने कोण ठरवणार आणि ठरवताना काऊंटरवरच्या माणसाला विचारणार की नाही. काऊंटरवर बसलेल्याला गावातली माणसे माहीत होती. रकाने ठरवणाऱ्याला नव्हती. यंत्र आले आणि ज्याला माहीत होते तो निरोप्या झाला.

सक्तीचे रकानेच नकोत असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पुस्तक कधी नेले ही तारीख कोरी ठेवू दिली तर वाचनालय महिन्यात रिकामे होईल. बँकेत ओळखीचे पुरावे मागतात त्याला कारणे आहेत, आणि ती मी ग्राहकांना हजार वेळा पटवून दिली आहेत. माझे म्हणणे एवढेच आहे, की प्रत्येक सक्तीमागे कुणीतरी उभे राहून कारण सांगता आले पाहिजे. आणि जिथे कारण सापडत नाही तिथे काऊंटरवरच्या माणसाला वर कळवण्याची वाट हवी आणि वरच्याने ते बदलण्याची मुदत हवी. आज शाळेचा प्रवेश, पेन्शन, गॅस, इस्पितळ, सगळे फॉर्ममधून जाते. नावातल्या एका इंग्रजी अक्षराच्या फरकापायी म्हातारी माणसे या कचेरीतून त्या कचेरीत फिरतात. आम्ही घरात बसून म्हणतो, काय करणार, कॉम्प्युटर आहे. मी आता ते म्हणू शकत नाही. कॉम्प्युटर नसतो. एक ओळ असते. ती कुणीतरी लिहिलेली असते, किंवा लिहायची राहिलेली असते.

म्हणून माझ्या वयाच्या, हाताशी दुपार मोकळी असलेल्या वाचकांना सांगतो, एकदा करून पाहा. सोसायटीचा हिशेब घ्या, भिशीची यादी घ्या. प्रोग्रॅमर होण्यासाठी नव्हे. कोऱ्या रकान्यासमोर एकदा मालक म्हणून बसून पाहण्यासाठी. डोके दुखेल. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीची एक मोकळी जागा चुकली तरी सगळे अडते. मुद्रितशोधकांविषयी माझा आदर या दोन महिन्यांत दुप्पट झाला आहे.

कार्यकारिणीतल्या उत्साही मंडळींना हे सगळे आता इंटरनेटवर टाकायचे आहे. मी अजून तयार नाही. सेटिंग्जच्या फाईलमध्येच दोन ठिकाणी इशारा लिहिलेला आहे, गुप्त किल्ली गुप्त ठेवा आणि डीबग चालू ठेवून जगासमोर जाऊ नका. ते मी नीट समजून घेईन तेव्हा बघू. कोण काय वाचतो ही त्याची खासगी गोष्ट आहे. (जुनी वही टेबलावर उघडीच असायची आणि कोण कुठली कादंबरी नेतो हे आम्ही सगळे चवीने वाचत असू, हे कबूल करतो.)

मावशींचे काम त्याच दुपारी झाले. आडनावाच्या ओळीत ‘कोरे चालेल’ हा शब्द घातला. भीती वाटली म्हणून शेजारी आणखी एक घातला, ‘काहीच नसले तरी चालेल’ अशा अर्थाचा. खतावणीची पाने पुन्हा आखली, फॉर्म भरला, सेव्ह झाला. यादी उघडली तर मावशींच्या नावापुढे आडनावाच्या जागी ‘नन’ असा इंग्रजी शब्द. काहीच नाही याला पायथन तसे म्हणते. मावशींनी विचारले, काय लिवलंय? मी वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, “नन? म्हंजी त्या चर्चातल्या बाया?”

दुसरा शब्द काढला. पाने तिसऱ्यांदा आखायला घेतली तर यंत्राने विचारले, जिथे आधीच ‘काहीच नाही’ लिहून ठेवले आहे तिथे आता काय लिहू? मी सांगितले, रिकामे ठेव. आता यादीत त्यांचे नाव आहे आणि त्यापुढे मोकळी जागा. ते नाव इथे लिहीत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी दोन पुस्तके मागितली. नियमाने एकच देता येते. तो नियम कुणी केला हे मी जुन्या इतिवृत्तांत शोधतो आहे; अजून सापडलेले नाही.